वृक्षांवरील आरोप आणि मातीची साक्ष

देवालयाच्या पाठीमागे जी राई असते तिचा पातेरा कोणी झाडून नेत नाही, हा आमच्या बाजूचा जुना प्रघात आहे. राईतील पान राईतच कुजावे. ते घरी नेऊ नये, चुलीत घालू नये, असे आमची आजी सांगत असे. का, असे विचारले असता 'ते देवाचे' एवढेच उत्तर मिळे. त्या उत्तराने बालपणी आमचे समाधान झाले, तरुणपणी झाले नाही, आणि वकिलीची सनद घेतल्यावर तर असली उत्तरे पुराव्यात दाखल होत नाहीत हेच आम्ही शिकलो.

काही वर्षांपूर्वी आमच्या ग्रामदेवस्थानच्या महाजनांची सभा भरली होती. उत्सवाच्या दिवसांत येणाऱ्या मोटारी ठेवण्यास जागा पुरत नाही, सबब राईचा एक भाग मोकळा करून तेथे सिमेंटचे अंगण घालावे, असा ठराव पुढे आला. आम्ही विरोधात उभे राहिलो आणि वृक्ष हवा शुद्ध करतात, हा सर्वांच्या तोंडी असलेला युक्तिवाद मांडला. त्यावर रसायनशास्त्र शिकून आलेला एक तरुण महाजन नम्रपणे म्हणाला, "काका, हे अर्धेच खरे आहे. झाडेही वायू सोडतात. त्या वायूंपासून उन्हात ओझोन होतो, आणि तो फुप्फुसांना अपायकारक असतो." सभा आमच्याकडे पाहू लागली. आमच्यापाशी उत्तर नव्हते. ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब झाला तो आमच्या युक्तिवादामुळे नव्हे, तर आरतीची वेळ झाली म्हणून.

प्रतिपक्षाने दाखल केलेल्या कागदाची नक्कल मागून ती शांतपणे वाचावी, ही आमच्या व्यवसायाची सवय. तीस अनुसरून आम्ही या आरोपाचा इतिहास वाचावयास घेतला. जो वाचावयास मिळाला तो इतका मनोवेधक होता की आमच्या वाचकांपुढे तो ठेवल्यावाचून राहवत नाही.

वृक्षांवरील हा आरोप आजकालचा नाही. इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ साली जळत्या मेणबत्तीने निकामी झालेल्या हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली, आणि दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळते असे त्यांस आढळले. वनस्पती हवा सुधारतात, हा सिद्धांत तेथून जगास मिळाला. परंतु आठच वर्षांनी, १७७९ साली, यान इंगेनहौस या डच वैद्याने जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याच्या लांबलचक नावातच दोन बाजू होत्या: वनस्पती सूर्यप्रकाशात हवा शुद्ध करतात आणि सावलीत व रात्री ती बिघडवितात. वनस्पतींच्या श्वसनाचा तो शोध होता. रात्री झाडाखाली निजू नये असे सांगणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांस इंगेनहौस ठाऊक नव्हते. परंतु दोघांचे म्हणणे एकाच दिशेचे होते. अर्थात झाडांचे श्वसन हा काही अपराध नव्हे. दिवसाची जमा रात्रीच्या खर्चाहून मोठी असते, आणि तो खटला फार पूर्वीच निकालात निघाला आहे.

दुसरा आरोप अधिक गंभीर होता. त्याच्या मुळाशी जो पदार्थ आहे त्याची ओळख झाली ती झाडाच्या पानातून नव्हे, तर रबराच्या भट्टीतून. इंग्लंडातील रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स ग्रेव्हिल विल्यम्स यांनी १८६० साली रबर तापवून ऊर्ध्वपातन केले असता एक पातळ, चटकन उडून जाणारा द्रव मिळाला. त्यास त्यांनी आयसोप्रीन असे नाव दिले. पाच कार्बन व आठ हायड्रोजन अणूंचा हा साधा रेणू. चौतीस अंश सेल्सिअसला तो उकळतो. म्हणजे आपल्याकडील वैशाखात उघड्या भांड्यात तो द्रवरूपाने टिकणारच नाही. सुमारे शतकभर रबराचा घटक एवढीच त्याची प्रतिष्ठा होती. जिवंत पान हाच पदार्थ दिवसभर हवेत सोडीत असते, अशी कल्पना कोणाच्या मनात आली नव्हती.

ती आली जॉर्जिया देशात, तिबिलिसी येथे. ग्विवी सानाद्झे यांनी १९५७ साली रोबिनिया नावाच्या, बाभळीसारख्या दिसणाऱ्या शेंगवर्गीय झाडाच्या पानांतून निघणाऱ्या वायूंविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्या वायूंत आयसोप्रीन होते. जॉर्जियाच्या विज्ञान अकादमीच्या वार्तापत्रातील तो निबंध पश्चिमेकडे फारसा कोणी वाचला नाही. तिकडे अमेरिकेत दुसराच माग निघत होता. फ्रिट्स वेंट हे मूळचे डच वनस्पतिशास्त्रज्ञ तरुणपणी जावा बेटावरील बुइटेनझोर्ग येथील प्रसिद्ध उद्यानात काम करून पुढे अमेरिकेस गेले होते. दूरच्या वनाच्छादित डोंगरांवर उन्हाळ्यात जे निळसर धुके दिसते, ते झाडांनी सोडलेल्या सुगंधी द्रव्यांचे हवेत रूपांतर होऊन बनते, असे त्यांनी १९६० साली मांडले. त्यांचे शिष्य राय रासमुसेन यांनी पुढे वनांवरच्या हवेची मोजमापे केली आणि सानाद्झे यांच्यापासून स्वतंत्रपणे आयसोप्रीनपर्यंत येऊन पोहोचले. एकाच दशकात दोन साक्षीदारांनी, एकमेकांस न भेटता, एकच गोष्ट सांगितली. न्यायासनापुढे अशा साक्षीचे मोल काय असते, हे वाचकांस सांगावयास नको.

आता यात अपाय कोठे आला? त्याचे उत्तर लॉस एंजेलिस शहरात मिळाले होते. तेथे १९४० च्या दशकापासून डोळे चुरचुरविणारे एक विचित्र धुके पडू लागले होते. आरी हागेन-स्मित नावाचे रसायनशास्त्रज्ञ, हेही मूळचे डच, अननसाचा सुगंध कोणत्या द्रव्यांचा याचा शोध घेत होते. ते काम बाजूस ठेवून ते शहराच्या हवेकडे वळले. इंधनातील हायड्रोकार्बन आणि नत्राची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाश पडला म्हणजे ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सिद्ध केले. वरच्या आकाशात जो ओझोन आपले रक्षण करतो तोच जमिनीलगत छातीस आणि पिकांस बाधक होतो. आयसोप्रीन हाही एक हायड्रोकार्बनच, आणि अत्यंत चपळ. हवेत सुटल्यापासून एक-दोन तासांत त्याची रासायनिक क्रिया होऊन तो नाहीसा होतो, आणि नाहीसा होताना परिस्थिती अनुकूल असल्यास ओझोनाच्या निर्मितीस हातभार लावतो.

वृक्षांवरील आरोपपत्र असे तयार झाले. परिमाण पाहावे तर छाती दडपते. अ‍ॅलेक्स ग्युंथर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली जो जागतिक हिशोब मांडला त्यात वनस्पती दरवर्षी सुमारे ५० कोटी टन कार्बन आयसोप्रीनच्या रूपाने हवेत सोडतात असा अंदाज होता. दलदली, भातशेती, गुरे, खाणी व नैसर्गिक वायूच्या विहिरी या सर्वांचा मिळून जो मिथेन वायू हवेत जातो, त्याच्या तोडीची ही राशी आहे. ओक, पॉप्लर, बांबू, तेलताड ही झाडे यात अग्रेसर. वड-पिंपळांच्या कुळातील अनेक वृक्षही आयसोप्रीन सोडतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात वार्ष्णेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय वृक्षांच्या पानांवर अशी मोजमापे केली व ती २००३ आणि २००५ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे सभेतील तो तरुण काही खोटे बोलत नव्हता.

या अर्धसत्याचा राजकारणात कसा उपयोग झाला तेही नमूद केले पाहिजे. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या १९८० सालच्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनी, हवेच्या दूषिततेस मोटारींपेक्षा झाडेच अधिक कारण आहेत, अशा आशयाची विधाने केली. कॅलिफोर्नियातील क्लेअरमॉन्ट येथील विद्यार्थ्यांनी त्यावर एका झाडास फलक बांधला, त्याचा भावार्थ असा: मी पुन्हा कोणाचा जीव घेण्यापूर्वी मला तोडून टाका. लोक हसले. परंतु हसणे हे खंडन नव्हे. आरोपीच्या बाजूने कोणी तरी खरा पुरावा आणावयास हवा होता.

तो पुरावा दोन प्रकारचा आला, आणि त्यांपैकी पहिला पुष्कळांच्या कानी पडला आहे. विल्यम चामेडीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली अटलांटा शहराच्या हवेचा अभ्यास प्रसिद्ध केला. झाडांची ती नगरी. झाडांचा वायू ओझोनास कारण होतो हे त्यांनी नाकारले नाही. परंतु त्यासाठी नत्राची ऑक्साइडे लागतात, आणि ती येतात मोटारींतून व कारखान्यांच्या धुराड्यांतून. शहराभोवती इतकी झाडे असताना केवळ इंधनातील हायड्रोकार्बन कमी करून भागणार नाही, नत्राची ऑक्साइडे आवरली पाहिजेत, असा त्या अभ्यासाचा रोख होता. निर्जन अरण्यात जेथे ही ऑक्साइडे अत्यल्प असतात तेथे आयसोप्रीन ओझोन वाढवीत तर नाहीच, उलट काही अंशी खर्ची घालते. पुढे २००९ साली बोर्निओ बेटावरील अभ्यासाने हेच अधिक स्पष्ट केले. तेथे तेलताडाच्या मळ्यांतून लगतच्या वर्षावनापेक्षा कितीतरी अधिक आयसोप्रीन निघत होते. तथापि हवेतील नत्राची ऑक्साइडे मर्यादेत होती तोवर जमिनीलगतचा ओझोन बेसुमार वाढला नव्हता. खते आणि धूर यांमुळे ती वाढली तर मात्र ओझोनही अपायकारक पातळीवर जाईल, असा इशारा त्या शास्त्रज्ञांनी दिला. आमच्या भाषेत सांगावयाचे तर, आरोपपत्रात सहआरोपीचे नावच लिहावयाचे राहून गेले होते.

दुसरा पुरावा अधिक खोल जागी होता, अक्षरशः पायांखाली. त्याचा इतिहास सांगणे हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे.

हवेत सुटलेला वायू कोणी तरी खातो, ही कल्पना मुळात हॉलंडातील डेल्फ्ट येथील. तेथे बेयरिंक या थोर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली निकोलास सोन्गेन यांनी १९०६ साली आपला प्रबंध लिहिला. जैव क्रियांनी हायड्रोजन आणि मिथेन यांची उत्पत्ती व लय कसा होतो, हा त्याचा विषय होता. उत्पत्ती पूर्वीच ठाऊक होती. नवे होते ते लय हे पद. पाणवनस्पतींपासून त्यांनी असा एक जीवाणू वेगळा केला की जो केवळ मिथेनवर निर्वाह करू शकत होता. ज्या वायूस आपण जाळण्याची वस्तू समजतो, तो कोणाचे तरी अन्न आहे, हे त्या दिवशी कळले.

परंतु झाडाच्या पानावर कोण राहते, याकडे मात्र कोणी लक्ष दिले नव्हते. मुळांभोवतीच्या मातीचा अभ्यास चालू होता. आपल्या देशाचाही त्यात वाटा आहे: प. कृ. डे यांनी ढाक्याच्या भातशेतीतील नत्रस्थिरीकरणावर केलेले काम १९३९ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी स्टार्की व डे यांनी भारतीय भाताच्या मातीतून मिळालेल्या एका नत्रस्थिरक जीवाणूचे वर्णन करून त्यास 'इंडिकम' हे जातिनाम दिले. पुढे त्याचा समावेश बेयरिंक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'बेयरिंकिया' या प्रजातीत झाला. याच बेयरिंकियाचा शोध घेत असता याकोबा रुइनेन या विदुषीस इंडोनेशियातील झाडांच्या पानांवर तो विपुल सापडला, आणि १९५६ साली त्यांनी पानांच्या पृष्ठभागास 'फिलोस्फिअर', म्हणजे पर्णमंडल, या नावाने एक स्वतंत्र वसतिस्थान मानले. आदल्याच वर्षी इंग्लंडात लास्ट यांनी धान्यपिकांच्या पानांवरील सूक्ष्म बुरशीविषयी लिहिताना हाच शब्द योजिला होता. पर्णमंडल हे उपेक्षित क्षेत्र आहे, अशी रुइनेन यांची १९६१ साली तक्रार होती, आणि ती रास्त होती. एक चौरस सेंटिमीटर पानावर दहा लाख ते एक कोटी जीवाणू असू शकतात, असे आता आपणास ठाऊक आहे. आपण देवास वाहतो त्या प्रत्येक पानावर एकेक नगर वसलेले असते.

या नगरातील रहिवासी खातात काय? पानावर साखर थोडीच झिरपते. एक उत्तर गुलाबी रंगाच्या जीवाणूंनी दिले. ऑक्सफर्ड येथे पील व क्वेल यांनी १९६१ साली एका गुलाबी जीवाणूचे वर्णन केले. मिथेनॉलसारख्या एकाच कार्बन अणूच्या पदार्थावर तो वाढत असे. असे जीवाणू पुढे जवळजवळ प्रत्येक झाडाच्या पानावर आढळले, आणि १९७६ पासून 'मिथिलोबॅक्टेरियम' हे त्यांच्या प्रजातीचे नाव रूढ झाले. ते पानावरच का राहतात, याचे कोडे १९९३ साली सुटू लागले. अमेरिकेतील मॅकडोनल्ड व फॉल यांनी दाखविले की झाडांची पाने मिथेनॉलचा वायू बऱ्याच प्रमाणात सोडतात. कोवळे पान वाढताना त्याच्या पेशीभित्तिकेतील पेक्टिन सैल होते व त्यातून मिथेनॉल सुटते. पर्णरंध्रांतून ते बाहेर येते, आणि दाराशीच बसलेला गुलाबी जीवाणू ते घेतो. हा प्रयोग कोणत्याही महाविद्यालयात करता येतो. मिथेनॉल घातलेल्या आगराच्या थाळीवर एखादे ताजे पान हलकेच दाबून उचलावे. काही दिवसांनी थाळीवर पानाचा गुलाबी ठसा उमटलेला दिसतो. कोइमतूर येथील तामिळनाडू कृषी विद्यापीठाने तर पिकांस अवर्षण सोसता यावे म्हणून याच जीवाणूंचे द्रावण फवारण्यासाठी शेतकऱ्यांस उपलब्ध करून दिले आहे.

मिथेनॉल हा तसा सोपा घास. आयसोप्रीन मात्र कठीण. कारण ते पचविताना वाटेत एक विषारी पदार्थ निर्माण होतो. तरीही ते खाणारे कोणी आहेत काय, याचा शोध हॉलंडातील वाखेनिंगेन येथे लागला. तेथे दे बोंट यांनी १९७६ साली मातीतील जीवाणू इथिलीन कसे जाळतात यावर लिहिले होते. इथिलीन म्हणजे फळे पिकविणारा, झाडांनीच सोडलेला दुसरा वायू. पुढे १९८७ साली व्हान गिंकेल, दे बोंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयसोप्रीनवर वाढणाऱ्या जीवाणूंचे वर्णन प्रसिद्ध केले. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी आयसोप्रीनचा उल्लेख पर्णसंभारातून येणारा वायू असा केला होता. म्हणजे प्रयोगशाळेतील कुतूहलापलीकडे, हा वनाच्या संसाराचा प्रश्न आहे, हे त्यांच्या ध्यानी आले होते.

दहा वर्षांनी मातीची साक्ष प्रत्यक्ष नोंदली गेली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे क्लीव्हलंड व याव्हिट यांनी १९९७ व १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत वनातील माती हवेतील आयसोप्रीन शोषून घेते असे दाखविले. माती वाफेने निर्जंतुक केली की शोषण थांबे. यावरून ते काम मातीच्या कणांचे नसून तीत राहणाऱ्या जीवांचे आहे हे सिद्ध झाले. जगातील माती दरवर्षी सुमारे २ कोटी टन आयसोप्रीन अशा रीतीने नाहीसे करीत असावी, असा त्यांनी अंदाज केला.

हे पचन कसे होते, याचा उलगडा हॉलंडातीलच ग्रोनिंगेन येथे झाला. गोड्या पाण्याच्या गाळातून मिळालेल्या 'रोडोकोकस' प्रजातीच्या एका जीवाणूवर १९९८ ते २००० या काळात व्हान हिल्कामा व्ह्लीग, यान्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. प्रथम एक विकर प्राणवायूचा एक अणू आयसोप्रीनला जोडते. त्यातून जो पदार्थ होतो तो जीवाणूसही घातक. तो साठण्यापूर्वीच दुसरे विकर त्यास ग्लुटाथायोन नावाच्या संरक्षक रेणूशी बांधून टाकते. मग पायरीपायरीने त्याचे अन्न होते. या कामासाठी लागणारी जनुके एकाशेजारी एक ओळीने मांडलेली आढळली. हलाहल कंठी धारण करणाऱ्या देवाची आठवण येथे आम्हांस झाली. ती उपमा शास्त्राची नव्हे, आमची आहे, एवढे नमूद करतो.

आता एकच दुवा राहिला. थाळीत वाढणारा जीवाणू निसर्गातही तेच काम करतो, याची खात्री कशी करावी? इंग्लंडातील वॉरिक विद्यापीठात कॉलिन मरेल यांच्या गटाने २००० साली एक युक्ती प्रसिद्ध केली. कार्बनचा एक किंचित जड प्रकार असतो. त्या जड कार्बनचे अन्न मातीस द्यावयाचे. जो ते खाईल त्याचे डी.एन.ए. जड होईल, मग जड व हलके वेगळे करून खाणाऱ्याचे नाव वाचावयाचे. चोरी पकडण्यासाठी नोटांना खूण करून ठेवावी तसाच हा प्रकार. पहिला प्रयोग वनातील मातीस जड मिथेनॉल देऊन केला गेला. पुढे नॉरिच येथील ईस्ट अँग्लिया विद्यापीठात याच युक्तीने पॉप्लर वृक्षाच्या पानांस जड आयसोप्रीन देण्यात आले. त्याचे फळ २०१८ साली प्रसिद्ध झाले: पानावरच आयसोप्रीन खाणारे जीवाणू राहतात, आणि त्यांत पूर्वपरिचित रोडोकोकसखेरीज 'व्हेरिओव्होरॅक्स'सारखी अगदी निराळ्या कुळातील मंडळीही आहेत. मग २०२० साली मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांतील पानांवर व मातीत असेच शोध झाले आणि आणखी नवे रहिवासी सापडले. पान ज्या क्षणी वायू सोडते त्याच क्षणी तो घेणारा पानावर बसलेला असतो. जो सुटतो त्यापैकी काही अंश मातीतील त्याचे भाऊबंद घेतात.

येथवर आल्यावर, आपल्या पक्षास मिळालेला पुरावा फुगवून सांगण्याचा मोह प्रत्येक वकिलास होतो. तो आम्ही आवरला, कारण आकडे तसे सांगत नाहीत. ५० कोटी टनांपुढे मातीचे २ कोटी टन म्हणजे शंभरात सुमारे चार. आयसोप्रीनचा बहुतांश भाग हवेतच हायड्रॉक्सिल नामक चपळ घटकाशी क्रिया होऊन संपतो. जीवाणूंनी वृक्षांस निर्दोष सोडविले, असे म्हणणे खोटे होईल. त्याचप्रमाणे, आमच्या पूर्वजांस हे जीवाणू ठाऊक होते म्हणून त्यांनी पातेरा राखला, असे म्हणणेही खोटे होईल. त्यांस ते ठाऊक नव्हते. त्यांस एवढेच ठाऊक होते की जे आपण निर्माण केले नाही त्यातील सर्वच आपल्या उपयोगास्तव आहे असे मानू नये. आणि ही समजूत ज्ञानाच्या अभावीही माणसास पुष्कळ चुकांपासून वाचविते.

मग या इतिहासातून निष्पन्न काय झाले? आम्हांस तीन गोष्टी दिसतात. पहिली, वृक्ष वायू सोडतात हे खरे. ओक वृक्षाचे पान तीस अंश उष्णतेत आपण कमावलेल्या कार्बनपैकी शंभरात सुमारे दोन भाग आयसोप्रीनच्या रूपाने सोडून देते, आणि ते उन्हाचा दाह सोसण्यास पानास साहाय्य करते, असे थॉमस शार्की प्रभृतींचे मत आहे. तो वृक्षाचा स्वभाव आहे, अपराध नव्हे. दुसरी, त्या वायूपासून अपाय होतो तो मुख्यतः आमच्या धुराच्या संगतीने. म्हणून मोटारींच्या सोयीसाठी वृक्ष तोडून वर वृक्षालाच दोष देणे म्हणजे सहआरोपीने फिर्यादी होण्यासारखे आहे. तिसरी, जेथे झाड, पान, पातेरा आणि उघडी माती एकत्र नांदतात तेथे वायू सोडणारा व वायू घेणारा असे दोघेही उपस्थित असतात. सिमेंटच्या अंगणात लावलेले एकाकी झाड हे अर्धे कुटुंब आहे. त्याचा उच्छ्वास घेणारी माती आपण झाकून टाकलेली असते.

पुढील सभेत हे सर्व आम्ही शक्य तितक्या थोडक्यात सांगितले. त्या तरुण महाजनाचे म्हणणे खरे होते हे प्रथम मान्य केले. त्याने आमची चूक दाखविली नसती तर आम्ही हे काहीच वाचले नसते, हेही सांगितले. त्याने दोन नेमके प्रश्न विचारले. त्यांपैकी एक, शंभरात चार म्हणजे फारच थोडे नाही काय, हा होता. आम्ही होय म्हणालो, आणि मोटारी ठेवण्याच्या जागेसाठी त्या चारांपैकी किती द्यावयाचे ते सभेने ठरवावे, असे म्हणून खाली बसलो.

निकाल पूर्णपणे आमच्या बाजूने लागला नाही. रस्त्याकडील पडीक पट्ट्यात मोटारींसाठी जागा झाली, आणि तेथे एक जुना वृक्ष गेला. त्याचे दुःख आम्हांस आहे. परंतु राईस हात लागला नाही; आणि ठरावात त्या तरुणानेच सुचविलेले एक वाक्य घालण्यात आले, ते असे की राईतील व देवळाच्या आवारातील पातेरा जाळू नये, आवारातील झाडून राईतच टाकावा. गावातील वृद्ध मंडळींस त्यात नवे काही वाटले नाही. इतिवृत्तावर सही करताना आम्हांस मात्र आजीची आठवण झाली. तिचे ते दोन शब्दांचे उत्तर आता प्रथमच देवस्थानच्या दप्तरी, अन्य शब्दांत का होईना, दाखल झाले होते.